राखाडी टोपणाचा बल्ब

आमच्या लॅबमध्ये रक्त घ्यायच्या बोटभर नळीला बल्ब म्हणतात. लाल टोपणाचा प्लेन बल्ब, जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब आणि राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्ब. शुगरचं रक्त राखाडीतच घ्यायचं. का, ते डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पुस्तकात एका ओळीत दिलेलं होतं. परीक्षेत ती ओळ मी जशीच्या तशी लिहिली आणि दोन मार्क मिळवले. तिचा अर्थ कळायला मात्र पुढे एका बाईंचा पाय खराब व्हावा लागला.

१९९८ सालचा मे महिना. तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात तपासणी शिबिर होतं. सकाळी आठपासून उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग. मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. साडेनऊलाच फ्लोराइड बल्ब संपले. पेटीत प्लेन बल्ब भरपूर होते, म्हणून उरलेल्यांचं रक्त मी त्यात घेतलं. त्या उरलेल्यांत एक मावशी होत्या. पायाला मुंग्या येतात, रात्री चारदा उठावं लागतं, असं त्या सांगत होत्या. जीप आली दुपारी, आणि पेटी लॅबमध्ये पोचेस्तोवर अडीच वाजून गेले. मावशींची शुगर ९८ आली. मी कागदावर आकडा लिहिला, डॉक्टरांनी पुढे 'नॉर्मल' लिहिलं, आणि मावशी निर्धास्त होऊन शेताला गेल्या.

दिवाळीच्या आधी त्या परत आल्या, पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन. या वेळी रक्त राखाडी टोपणात घेतलं. उपाशीपोटी २१४.

आमच्या सीनियर सरांनी शिबिराचं रजिस्टर काढलं आणि मला एवढंच विचारलं, "कुठल्या बल्बात घेतलं होतंस?" मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला, माझ्याकडून रक्त काढून घेतलं आणि सहा लहान प्लेन बल्बांत वाटून ठेवायला सांगितलं. दर तासाला एक बल्ब सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचा, म्हणजे पेशी तळाला बसतात, आणि वरच्या पाण्यातली शुगर वाचायची. पहिला आकडा ९२, मग ८७, मग ८२, मग ७७. दुपारपर्यंत ती उतरण माझ्या वहीत तयार झाली. दर तासाला पाच ते सात टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

"रक्त बाहेर काढलं म्हणजे मेलं, असं वाटलं का तुला?" सर म्हणाले. "ते जेवतंय अजून."

त्या वाक्यानंतर मी रक्ताकडे पहिल्यासारखं बघू शकले नाही. मावशींची शुगर त्या सकाळी खरी किती होती ते आता कधीच कळणार नाही. जी होती ती बल्बातल्या पेशींनी शाळेच्या व्हरांड्यापासून लॅबपर्यंतच्या वाटेत खाल्ली, आणि उरलेलं मी मोजलं.

खाणाऱ्या त्या मुख्यतः तांबड्या पेशी. एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ५० लाख. शरीरातली इतकी विरक्त पेशी दुसरी नसेल. जन्मताना ती आपलं केंद्रक टाकून देते, मायटोकाँड्रियाही टाकून देते. पोटात हिमोग्लोबिन भरून घेते आणि सुमारे १२० दिवस फिरत राहते. अंगभर ऑक्सिजन पोचवायचं काम तिचं, पण त्यातला कणभरही ती स्वतःच्या इंधनासाठी वापरू शकत नाही, कारण तो वापरायची भट्टी, म्हणजे मायटोकाँड्रिया, तिच्यात नाही. ती जगते फक्त ग्लुकोजवर, आणि तेही ऑक्सिजनशिवाय मोडून. आयुष्यभर घरोघरी दूध घालणाऱ्या आणि स्वतः कोरा चहा पिणाऱ्या माणसासारखी ती मला वाटते.

ऑक्सिजनशिवाय साखर मोडते कशी, हे मी खरं म्हणजे लॅबच्या फार आधी पाहिलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते, फर्मेंटेशन खात्यात. सीझन सुरू झाला की त्यांच्या शर्टाला, सायकलच्या मुठींना, जेवणाच्या डब्याच्या पिशवीलाही मळीचा वास यायचा. जड, गोड, थोडा आंबूस. आई ते कपडे वेगळे धुवायची. मी सहावी-सातवीत असेन, तेव्हा ते मला एकदा आत घेऊन गेले. दोन माणसं उंच टाक्या, वर लोखंडी जाळीची वाट. खाली काळपट तपकिरी द्रव नुसता रटरटत होता. फेस वर येत होता, फुटत होता, परत येत होता.

"बघ," अण्णा म्हणाले, "चूल नाय, जाळ नाय, तरी उकळतंय."

त्यांनी माझा हात टाकीच्या पत्र्याला लावला. कोमट होता. मळीत पाणी घालून ती पातळ करायची, त्यात यीस्ट सोडायचं आणि मग टाकी तापू नये म्हणून सतत गार पाणी फिरवत राहायचं, एवढं त्यांचं काम. यीस्ट साखर मोडतं तेव्हा जी ऊब सुटते तिनंच ते मरू शकतं, म्हणून रात्रपाळीला अण्णा थर्मामीटर घेऊन या टाकीकडून त्या टाकीकडे फिरत असायचे. "तापलं की उपाशी मरत्यात," असं म्हणायचे. यीस्टबद्दल ते नेहमी जनावरांबद्दल बोलावं तसंच बोलले.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी दाखवली. रिकामी झालेली टाकी धुवायला माणूस आत उतरण्याआधी ते दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडत. कंदील अर्ध्यात गेला, ज्योत बारीक झाली आणि विझली. हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाला साचून राहिलेला. "आत आग टिकत नाय, माणूस काय टिकणार?" मग पंखा लावून टाकी मोकळी करायची, पुन्हा कंदील सोडायचा, आणि तो खालपर्यंत जळत गेला की मगच माणूस. ज्या जागी ज्योतही तगत नाही त्या जागी यीस्ट पोटभर जेवून मजेत वाढत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते आलं सरांच्या सहा बल्बांनंतर. अण्णांची टाकी आणि माझा बल्ब, दोन्हीत एकच रस्ता होता.

तो रस्ता दहा पायऱ्यांचा आहे. ग्लायकोलिसिस म्हणतात त्याला. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. पेशी त्याला थेट पेटवत नाही. कढईत साखर जाळली तर सगळी उष्णता एकदम सुटते, धूर होतो, आणि त्या उष्णतेचं पेशीला काहीच करता येत नाही. म्हणून ती साखरेला एकेका पायरीनं खाली उतरवते आणि प्रत्येक पायरीवर एक वेगळं एन्झाइम, म्हणजे ते काम घडवून आणणारं प्रथिन, उभं करते. सुरुवातीला तर पदरचंच घालावं लागतं. एटीपी हे पेशीचं रोख चलन. त्यातली दोन पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर खर्च होतात. बियाणं मातीत टाकल्याशिवाय पीक नाही, तसंच. चौथ्या पायरीवर सहा कार्बनांचे तीन-तीनचे दोन तुकडे पडतात. पुढे सातव्या आणि दहाव्या पायरीवर मिळून चार एटीपी हाती येतात. गेले दोन, आले चार, निव्वळ दोन. शेवटी हातात राहतो पायरुवेट.

इथपर्यंत यीस्ट आणि तांबडी पेशी अगदी बरोबरीनं चालतात. यीस्ट मळीतल्या साखरेचं आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून घेतं, एवढाच सुरुवातीचा फरक. फाटा फुटतो तो पायरुवेटनंतर. वाटेत एनएडी नावाच्या रेणूनं साखरेतले इलेक्ट्रॉन उचललेले असतात. तो हमालच समजा. ओझं कुठेतरी उतरवल्याशिवाय त्याला पुढची खेप करता येत नाही, आणि त्याची खेप थांबली की दहाही पायऱ्या थांबतात. यीस्ट पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड सोडून देतं आणि उरलेल्यावर ते ओझं उतरवतं. त्याचं होतं अल्कोहोल. तांबडी पेशी ते ओझं सरळ पायरुवेटवरच ठेवते. त्याचं होतं लॅक्टिक आम्ल. जिन्यावरून धावत चढताना आपल्या मांड्यांतही हेच होतं. ज्या दारूनं आमच्या भागातली कितीतरी घरं बसली, ती यीस्टच्या दृष्टीनं फक्त ओझं उतरवायची जागा आहे. हे मला आजही विचित्र वाटतं.

अण्णा एकदा पत्र्याच्या झाकणात थोडं स्पिरिट ओतून काडी लावून दाखवत होते. जवळजवळ न दिसणारी निळी ज्योत. "ही साखरेतलीच आग," ते म्हणाले. शब्दशः खरं बोलत होते ते. १८० ग्रॅम ग्लुकोजचं ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतं, पण ग्लुकोजमधली बहुतेक सगळी ऊर्जा त्या अल्कोहोलमध्येच मागे राहते. यीस्टनं वरचा तवंग तेवढा चाखलेला असतो. आज उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात आणि त्यावर गाड्या पळतात. ती यीस्टच्या ताटातली उरलेली जेवणावळ आहे.

हे काम जिवंत यीस्टच करू शकतं, की यीस्टमधला एखादा पदार्थ, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. पाश्चर जिवंत पेशीच्या बाजूचा. एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं यीस्ट वाळूबरोबर घोटलं, पिळून रस काढला. तो नासू नये म्हणून त्यात साखर घातली, आपण मोरांबा टिकावा म्हणून पाक करतो तशीच. आणि रसातून बुडबुडे यायला लागले. एकही जिवंत पेशी नाही, तरी साखर मोडत होती. १८९७ साली त्यानं हे छापलं, १९०७ साली त्याला नोबेल मिळालं, आणि १९१७ साली पहिल्या महायुद्धात तो जखमी होऊन मेला. टिकवण्यासाठी घातलेली साखरच खाल्ली जाते आणि त्यातून अख्खं जीवरसायनशास्त्र सुरू होतं, ही गोष्ट मी डीएमएलटीच्या मुलांना दरवर्षी सांगते.

त्यांना दुसरं एक नाव सांगते ते फॉस्फरसच्या टेस्टच्या दिवशी. फिस्के-सुब्बाराव पद्धत. बल्बात निळा रंग चढतो, जितका गडद तितका फॉस्फेट जास्त. मुलं ते नाव रीएजंटच्या डब्यावरच्या नावासारखं पाठ करतात. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. ते हार्वर्डला गेले, आणि सायरस फिस्केंबरोबर ही पद्धत १९२५ साली प्रसिद्ध झाली. स्नायूंतला फॉस्फेट मोजता मोजता त्या दोघांना आधी फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि मग १९२९ साली एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं. पेशीचं चलन शोधणाऱ्या त्या मोजक्या माणसांत आपल्या देशातला एक माणूस आहे, आणि आमची मुलं रोज त्याच्या नावाचा निळा रंग बघतात. मला हे मुलांना कळायला हवं असं फार वाटतं.

मायटोकाँड्रिया ज्यांच्यात आहेत त्या पेशींची गोष्ट वेगळी. त्या पायरुवेटला आत घेतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली शेफील्डमध्ये मांडलेल्या चक्रात त्याचा उरलेला कार्बनही सुटा होतो. आपण श्वासातून सोडतो तो बराचसा कार्बन डायऑक्साइड हाच. इलेक्ट्रॉनचं ओझं मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यावर हातोहात पुढे जातं आणि शेवटी ऑक्सिजन ते घेतो. त्याचं पाणी होतं. म्हणजे आपण नाकानं जो ऑक्सिजन आत ओढतो त्याचं मुख्य काम हे, शेवटचं ओझं उचलायचं.

या भागात माझं मन रमतं ते कोयनेमुळे. शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला खाली पोफळीकडे सोडतात आणि जनित्रं फिरतात, हे आम्ही शाळेच्या सहलीत बघितलं होतं. मायटोकाँड्रियाच्या पडद्यावर तेच आहे. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन पडद्याच्या पलीकडे उपसले जातात, तिकडे त्यांचा साठा फुगतो, आणि परत यायला वाट असते ती एका फिरत्या यंत्रातून. यंत्राचा एक फेरा झाला की तीन एटीपी. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही धरणाची कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. १९९७ साली जपानमध्ये त्या यंत्राला एक चकाकता धागा चिकटवून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष बघितलं गेलं. दोन एटीपीच्या जागी आता एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ मिळतात. अंगात एका वेळी एटीपी असतं थोडंच, पण ते इतक्या वेळा मोडून जोडलं जातं की दिवसभराचा हिशेब माणसाच्या वजनाइतका भरतो.

तांबड्या पेशीचं लॅक्टिक आम्लही वाया जात नाही. ते यकृतात पोचतं आणि यकृत पदरचे सहा एटीपी घालून त्याचं परत ग्लुकोज करतं. पेशीला त्यातून मिळणार दोनच. हा तोट्याचा व्यवहार घरातल्यासारखा आहे. तो तोटा कोणी मोजत नाही.

आता ती परीक्षेतली ओळ. 'सोडियम फ्लोराइड इनोलेज या एन्झाइमला रोखतं.' इनोलेज नवव्या पायरीवर उभं असतं. पाटाला दारं धरताना एके ठिकाणी माती टाकून पाणी अडवलं की पलीकडचं रान लगेच कोरडं पडत नाही आणि अलीकडे पाणी तुंबत जातं, तसंच इथे होतं. म्हणूनच ग्लायकोलिसिसच्या पायऱ्या शोधताना शास्त्रज्ञांनी फ्लोराइडचा असा उपयोग केला. दार धरायचं आणि अलीकडे काय तुंबतं ते बघायचं. पण याच कारणानं राखाडी टोपणही तात्काळ काम करत नाही. वरच्या आठ पायऱ्या चालूच राहतात. पहिला तासभर पेशी साखर आत ओढतच राहते, पहिली दोन एटीपी टाकतच राहते आणि दहाव्या पायरीचं पीक काही हाती येत नाही. गाठीचं संपलं की मग ती थांबते. शुगरचा बल्ब लवकर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचं पिवळसर पाणी, वेगळा करा, राखाडी टोपण आहे म्हणून निवांत राहू नका, असं मी आमच्याकडच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगते. सांगताना मला मावशींचा अंगठा दिसतो.

रक्तपेढीत याच्या उलट असतं. तिथे पेशींना थांबवायचं नसतं, जगवायचं असतं. पिशवीतल्या द्रवात म्हणूनच डेक्स्ट्रोज घातलेलं असतं, म्हणजे ग्लुकोजच. फ्रिजच्या थंडीत भूक मंदावलेल्या पेशी त्या शिदोरीवर ३५ दिवस काढतात. पिशवी हातात घेतली की मला प्रवासाला निघालेल्या माणसाला आईनं बांधून दिलेली दशमी आठवते.

अण्णांना साठीनंतर डायबेटिस निघाला. आकडे मीच काढायची. दर महिन्याला राखाडी टोपणाकडे बोट दाखवून ते विचारायचे, "आज टाकी कितीवर?" मी सांगायची. त्यांनी जेवणातला भात कमी केला, गूळ सोडला, पण चहातली अर्धा चमचा साखर शेवटपर्यंत सोडली नाही. मीही त्यावर फार ताणून धरलं नाही.

ऑगस्टमधली ती रात्र. अण्णा वरच्या मजल्यावर आयसीयूत, आणि मी खाली लॅबमध्ये ड्यूटीवर. बदली घेता आली असती, पण त्यांचं रक्त दुसऱ्या कोणी फिरवावं हे मला नको होतं. आठ वाजता सिस्टरनं तीन बल्ब आणून दिले. राखाडी, जांभळा, लाल. तिन्हींवर माझ्या वडिलांचं नाव. राखाडी लगेच फिरवला. शुगर १८६. वर फोन करून सांगितलं. जांभळ्यातनं हिमोग्लोबिन आणि काउंट काढले आणि तो बल्ब रॅकमध्ये ठेवला.

साडेअकराला वरून बोलावणं आलं.

नंतरचं सगळं जसं होतं तसं झालं. आई, भाऊ, गाडीची व्यवस्था, सह्या. दोनच्या सुमाराला पर्स घ्यायला म्हणून खाली आले. लॅबमध्ये ट्यूबलाइट चालू होती. रॅकमध्ये जांभळा बल्ब तसाच उभा होता, वर पिवळसर प्लाझ्मा आणि खाली बसलेलं लाल. सवयीनं मी तो उचलून सावकाश उलटासुलटा केला. लाल वर आलं, सगळीकडे पसरलं. खोलीतल्या उबेत त्या पेशी अजून दहा पायऱ्या उतरत होत्या. दोन घालत होत्या, चार घेत होत्या, आपला आकार राखून होत्या. वरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला काही वाट नव्हती.

मी तो बल्ब फिरवला. वरच्या प्लाझ्मातले दहा मायक्रोलिटर घेतले, रीएजंटमध्ये सोडले, ३७ अंशांवर दहा मिनिटं थांबले. गुलाबी रंग आला. १३९.

भावानं दारातून हाक मारली. मी बल्बाचं टोपण घट्ट केलं, तो फ्रिजमध्ये बाकीच्यांबरोबर ठेवला आणि दिवा बंद केला. रजिस्टरमध्ये त्या रात्रीचा १८६ एवढाच आकडा आहे.